रीसेल फ्लॅटचा व्यवहार रखडला आणि विक्रेता दाद देत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेतला फ्लॅट एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीने विकत घेण्याच्या व्यवहाराविषयी आहेत. बिल्डरकडून नवे घर घेताना लागणारे नियम वेगळे आहेत आणि त्यांचा येथे विचार केलेला नाही. ही माहिती वकिलाच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र वकिलासमोर बसण्यापूर्वी आपले कागद आणि आपले प्रश्न कोणते असावेत, हे ठरवायला तिचा उपयोग होईल.

साठेखतात (खरेदीखताआधीच्या विक्रीच्या करारात) लिहिलेली मुदत उलटून गेली आहे. व्यवहार आपोआप रद्द झाला का?

सहसा नाही. स्थावर मालमत्तेच्या करारात मुदत हाच कराराचा गाभा आहे असे गृहीत धरले जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर १९९२ मध्ये चांदरानी विरुद्ध कमलरानी या प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. मुदत काटेकोर होती असे म्हणायचे असेल तर ते कराराच्या शब्दांतून किंवा व्यवहाराच्या परिस्थितीतून दिसावे लागते. हे तत्त्व दोन्ही बाजूंना लागू पडते, म्हणजे विक्रेत्याला आठ दिवस उशीर झाला म्हणून आपल्याला लगेच नुकसानभरपाई मिळत नाही, आणि आपल्या बँकेने धनादेश द्यायला आठ दिवस जास्त लावले म्हणून विक्रेत्यालाही विसार जप्त करून मोकळे होता येत नाही.

म्हणून सर्वांत आधी साठेखत पुन्हा वाचावे. त्यात ठरावीक तारीख आहे की ‘कर्ज मंजूर झाल्यापासून ४५ दिवस’ अशी एखाद्या घटनेवर टांगलेली मुदत आहे, हे पाहावे. दुसऱ्या प्रकारात घड्याळ नेमके कधी सुरू झाले यावरूनच पुढे वाद होतो, त्यामुळे कर्जमंजुरीचे पत्र विक्रेत्याला ज्या दिवशी दिले त्याची पोच हाताशी असली पाहिजे.

विक्रेता उडवाउडवीची उत्तरे देतो. खरे कारण कसे ओळखावे?

‘पुढच्या आठवड्यात बघू’ या उत्तराआड बहुधा ठरावीक चार-पाच कारणे असतात, आणि प्रत्येकावर उपाय वेगळा असल्यामुळे आधी कारण शोधणे हेच खरे काम आहे.

सर्वांत जास्त आढळणारे कारण साधे आहे : विक्रेत्याने स्वतः जिथे जायचे ठरवले आहे ते घर तयार नसते. त्याच्या बिल्डरने ताबा लांबवलेला असतो आणि तो तुमच्या बाबतीत तेच करतो. असा विक्रेता बेइमान नसतो, अडचणीत असतो. त्याच्याशी तारखेची वाटाघाट करता येते. दुसरे कारण म्हणजे कुटुंबातले मतभेद. भागदाखल्यावर (संस्थेच्या शेअर सर्टिफिकेटवर) पती-पत्नी दोघांची नावे असतात आणि सही करायला एकच जण तयार असतो, किंवा फ्लॅट वडिलांच्या नावावर होता आणि बहिणीचे हक्कसोडपत्र अजून झालेले नसते. येथे तारखा वाढवून काहीच साधत नाही. उरलेल्या व्यक्तीची सही मिळणार आहे की नाही, एवढाच प्रश्न विचारावा. तिसरे कारण कर्जाचे आहे, त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे. चौथे कारण मात्र कोणी तोंडाने सांगत नाही : दरम्यान भाव वाढला आहे, किंवा कोणीतरी दोन-तीन लाख जास्त देऊ केले आहेत. फोन न उचलणे, एजंटामार्फतच बोलणे, आणि पूर्वी कधीच न काढलेली नवी अट अचानक पुढे करणे, ही त्याची लक्षणे होत.

एजंट काय सांगतो यावर विसंबून राहू नये. त्याची दलाली व्यवहार पूर्ण होण्यावर अवलंबून असल्यामुळे तो दोघांनाही दुसऱ्याची गोड बाजूच सांगतो.

विक्रेत्याच्या फ्लॅटवर आधीचे कर्ज आहे आणि मूळ कागद त्याच्या बँकेत आहेत. उशीर तिथेच होतो आहे. काय करावे?

ही अडचण फार सामान्य आहे आणि तिची वाट ठरलेली आहे. विक्रेता आपल्या बँकेकडून दोन पत्रे घेतो : एक फेडायच्या उरलेल्या रकमेचे, ज्यात ठरावीक तारखेपर्यंतची रक्कम आणि त्यानंतरचे रोजचे व्याज लिहिलेले असते, आणि दुसरे बँकेच्या ताब्यात असलेल्या कागदांच्या यादीचे. ही दोन्ही पत्रे तुमच्या बँकेला दिल्यावर ती विक्रेत्याच्या कर्जखात्याच्या नावाने धनादेश काढते, त्याने जुने कर्ज फिटते, आणि उरलेली रक्कम विक्रेत्याला मिळते.

अडते ते पहिल्याच पायरीवर. पत्रासाठी अर्ज विक्रेत्यालाच करावा लागतो. तुम्ही त्याच्या शाखेत कितीही वेळा गेलात तरी खातेदार नसल्यामुळे तुम्हाला कोणी दाद देणार नाही. म्हणून विक्रेत्याबरोबर एकदा प्रत्यक्ष शाखेत जावे आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेऊनच बाहेर पडावे. पत्रावरची तारीख बघावी, कारण ती उलटली की रक्कम बदलते, तुमच्या बँकेने काढलेला धनादेश काही हजारांनी कमी पडतो, आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. कागदांच्या यादीत बिल्डर आणि पहिला खरेदीदार यांच्यातला मूळ करारनामा, त्याची नोंदणी पावती, त्यानंतरच्या प्रत्येक हस्तांतरणाचा करार आणि भागदाखला आहे का, हे ओळीने तपासावे. साखळीतला एक करार गहाळ असेल तर तो आज कळणे आणि रक्कम दिल्यानंतर कळणे, यांत फार फरक आहे.

कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांच्या आत परत देणे बँकांवर बंधनकारक आहे. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू असून बँकेमुळे उशीर झाल्यास तिने कर्जदाराला दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची असते. ही भरपाई खातेदाराला, म्हणजे विक्रेत्याला मिळते, पण नियमाचा उल्लेख केल्यावर शाखेतला कागद हलतो.

अजून साठेखत झालेले नाही. फक्त टोकन रक्कम देऊन विसार पावती घेतली आहे. माझा काही हक्क आहे का?

आहे, पण तो किती हे पावतीवर काय लिहिले आहे यावर ठरते. फ्लॅटचा पूर्ण तपशील, ठरलेली एकूण किंमत, उरलेली रक्कम केव्हा द्यायची आणि सर्व मालकांच्या सह्या असतील तर ती पावती करार म्हणून उभी राहू शकते. ‘टोकन मिळाले’ एवढेच व्हॉट्सॲपवर असेल तर तुमचा दावा बहुधा पैसे परत मिळवण्यापुरताच उरतो. काही पावत्यांमध्ये ‘विक्रेत्याने माघार घेतल्यास दुप्पट रक्कम परत’ असे लिहिण्याची पद्धत आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार न्यायालय अशी रक्कम जशीच्या तशी मंजूर करत नाही. ती कमाल मर्यादा मानून तिच्या आत जी वाजवी वाटेल तेवढी भरपाई देते.

आमचे स्पष्ट मत असे आहे की नोंदणीकृत साठेखतापूर्वी टोकनपलीकडे मोठी रक्कम देऊ नये. विक्रेता कितीही निकडीचे कारण सांगो.

विक्रेत्याने साठेखतावर सही केली, मुद्रांक शुल्कही मी भरले, पण तो दुय्यम निबंधक कार्यालयात यायलाच तयार नाही. आता?

नोंदणी कायदा, १९०८ नुसार सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर करावा लागतो. त्यानंतरचे चार महिने दंड भरून मिळू शकतात, आणि हा दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत असू शकतो. महत्त्वाची गोष्ट अशी की दस्त सादर करण्यासाठी विक्रेता बरोबर असलाच पाहिजे असे नाही. सही कबूल करण्यासाठी मात्र तो लागतो. खरेदीदाराने मुदतीत दस्त सादर करावा आणि कलम ३६ खाली विक्रेत्याला बोलावण्याची विनंती करावी. विक्रेत्याने सहीच नाकारल्यामुळे नोंदणी नाकारली गेली तर ३० दिवसांच्या आत कलम ७३ खाली निबंधकांकडे अर्ज करता येतो, आणि तेथेही नकार मिळाला तर कलम ७७ खाली पुन्हा ३० दिवसांत दिवाणी दावा करता येतो. या मुदती फार कडक आहेत. ‘येतो, येतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याची वाट पाहताना चार महिने निघून जातात आणि हा मार्गच बंद होतो.

नोंदणी झालीच नाही तरी सारे संपत नाही. नोंदणी न झालेला करार, करारपूर्तीच्या दाव्यात, म्हणजे विक्रेत्याने करार पाळावा असा हुकूम मागणाऱ्या दाव्यात, पुरावा म्हणून वाचता येतो. मात्र त्यावर मुद्रांक शुल्क पूर्ण भरलेले असावे लागते. नसेल तर कमी पडलेले शुल्क आणि त्यावर दरमहा २ टक्के दंड भरल्यानंतरच तो पुराव्यात घेतला जातो.

संस्थेचा ना हरकत दाखला मिळत नाही असे विक्रेता सांगतो. हे कारण खरे मानावे का?

आदर्श उपविधींनुसार सभासदत्व हस्तांतरित करण्यासाठी संस्थेचा ना हरकत दाखला आवश्यकच नाही. कर्जासाठी तुमची बँक तो मागते, म्हणून अर्ज करावा लागतो, आणि अर्ज आल्यावर समितीने महिनाभरात त्यावर विचार करायचा असतो. तेव्हा विक्रेत्याने अर्ज कोणत्या तारखेला दिला आणि त्याची पोच कुठे आहे, एवढेच विचारावे. पुष्कळदा अर्ज दिलेलाच नसतो, कारण त्याची देखभाल शुल्काची थकबाकी असते आणि ती भरल्याशिवाय सचिव कागदाला हात लावणार नाहीत, हे त्याला ठाऊक असते. अशा वेळी थकबाकी तुमच्या पुढच्या हप्त्यातून थेट संस्थेला देण्याचे लेखी ठरवावे. त्यात तुमचा एक पैसाही जास्त जात नाही.

हस्तांतरण शुल्क ५०० रुपये, प्रवेश शुल्क १०० रुपये आणि महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५,००० रुपये, एवढेच संस्थेला घेता येते. ‘विकास निधी’ किंवा ‘ऐच्छिक देणगी’ या नावाने त्याहून जास्त मागणी झाली तर ती नियमबाह्य आहे, आणि सभासदत्वाचा अर्ज विनाकारण अडवल्यास सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे दाद मागता येते.

विक्रेता आता जास्त किंमत मागतो आहे. थोडे देऊन टाकावे का?

नोंदणीकृत साठेखतातली किंमत तो एकतर्फी बदलू शकत नाही. तरीही काही खरेदीदार कोर्टकचेरी टाळण्यासाठी थोडी रक्कम देतात, आणि वर्षानुवर्षे चालणारा दावा विचारात घेतला तर त्यांना नावे ठेवता येणार नाहीत. द्यायचेच ठरले तर ती रक्कम पूरक करारनाम्यात लिहून, बँकेतून आणि खरेदीखताच्या दिवशीच द्यावी. रोख मुळीच देऊ नये. एकदा रोख दिली की तिचा पुरावा उरत नाही, आयकराचा स्वतंत्र प्रश्न उभा राहतो, आणि दुसऱ्यांदा मागणी होण्याची शक्यताच जास्त असते.

विक्रेत्याला लेखी नेमके काय कळवावे?

वकिलाच्या नोटिशीपूर्वी एक साधे पत्र स्वतःच्या नावाने, पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवावे असे आम्ही सुचवतो. त्यात राग, उपदेश किंवा धमकी नको. मजकूर पुढीलप्रमाणे असू शकतो :

‘आपल्यातील अमुक तारखेच्या नोंदणीकृत साठेखतानुसार उरलेली रक्कम देण्यास मी तयार असून माझ्या बँकेचे कर्जमंजुरी पत्र आणि स्वतःच्या हिश्श्याच्या रकमेचा खातेउतारा सोबत जोडला आहे. करारातील कलमानुसार आपण मूळ कागद व थकबाकी नसल्याचा संस्थेचा दाखला अद्याप दिलेला नाही. आपण हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीखतासाठी सोयीची तारीख कळवावी. मी त्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात उपस्थित राहीन.’

या पत्राचे महत्त्व पुष्कळांच्या लक्षात येत नाही. विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम १६ नुसार करारपूर्ती मागणाऱ्याने आपण स्वतः आपली बाजू पार पाडायला सतत तयार आणि राजी होतो, हे दाखवावे लागते. विक्रेत्याचा दोष कितीही उघड असला तरी न्यायालय पहिला प्रश्न खरेदीदाराला विचारते : तुमच्याकडे पैसे होते का, आणि तुम्ही ते देऊ केले होते का? रक्कम प्रत्यक्ष न्यायालयात भरण्याची गरज नसते, न्यायालयाने तसे सांगितल्याखेरीज. मात्र ती होती याचा पुरावा लागतो. म्हणूनच कर्जमंजुरीची मुदत, जी बहुतेक बँकांमध्ये तीन ते सहा महिन्यांची असते, संपण्यापूर्वी वाढवून घ्यावी आणि त्या वाढीचे पत्रही जपून ठेवावे. रागाच्या भरात ‘मला आता हा फ्लॅटच नको’ असा एक संदेश पाठवला, तर तोच पुढे तुमच्याविरुद्ध वाचून दाखवला जातो.

न्यायालयात गेल्यास काय मिळू शकते, आणि केव्हापर्यंत जाता येते?

करारात तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, आणि नसेल तर विक्रेत्याने नकार दिल्याचे कळल्यापासून तीन वर्षांच्या आत करारपूर्तीचा दावा करावा लागतो. १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर करारपूर्तीचा हुकूम देणे न्यायालयाच्या मर्जीवर राहिलेले नाही. अटी पूर्ण होत असतील तर तो द्यायचा असतो. दाव्यातच ताबा मागावा आणि पर्यायी मागणी म्हणून दिलेली रक्कम व्याजासह परत मागावी, कारण न मागितलेली दाद मिळत नाही. फ्लॅट दुसऱ्याला विकू नये यासाठी तात्पुरत्या मनाईचा अर्ज दाव्याबरोबरच करावा.

कायद्यात असा दावा समन्स बजावल्यापासून १२ महिन्यांत, आणि फार तर आणखी ६ महिन्यांत निकाली काढावा असे लिहिले आहे. आपल्याकडच्या दिवाणी न्यायालयांची पायरी चढलेल्या कोणालाही त्या आकड्यावर घराचे नियोजन करण्याचा सल्ला देववणार नाही.

विक्रेत्याने तोच फ्लॅट दुसऱ्याला विकला तर?

तुमचे साठेखत नोंदणीकृत असेल तर नंतरच्या खरेदीदाराला ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणता येत नाही, कारण नोंदणी हीच कायद्याच्या दृष्टीने सूचना असते; त्याच्याविरुद्धही करारपूर्ती मागता येते. नोंदणी नसेल तर प्रामाणिकपणे किंमत मोजून घेतलेल्या खरेदीदाराचे पारडे जड ठरते. शंका येताच नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर त्या फ्लॅटची सूची २ (नोंदलेल्या दस्ताचा सारांश, म्हणजे इंडेक्स २) शोधून पाहावी आणि संस्थेच्या सचिवांना साठेखताची प्रत देऊन पोच घ्यावी. दावा दाखल झाल्यास आणखी एक पायरी आहे, जी अनेकदा राहून जाते : बृहन्मुंबईत, आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ ची राज्य दुरुस्ती जिथे लागू केलेली आहे तिथे, दावा प्रलंबित असल्याची सूचना दुय्यम निबंधकांकडे नोंदवली तरच तिचे संरक्षण मिळते.

पोलीस, महारेरा किंवा ग्राहक आयोगाकडे जाता येईल का?

महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडची, तक्रार मुख्यतः प्रवर्तकाविरुद्ध (बिल्डरविरुद्ध) असते; स्वतःचा राहता फ्लॅट विकणारी व्यक्ती प्रवर्तक नव्हे, आणि ती तुम्हाला सेवाही पुरवत नसल्यामुळे ग्राहक आयोगाचा मार्गही सहसा लागू पडत नाही. एकच फ्लॅट दोघांना विकणे किंवा खोटे कागद दाखवणे यांत फसवणुकीचा गुन्हा होऊ शकतो. नुसता उशीर हा दिवाणी वाद आहे, आणि पोलीस ठाण्यात तेच सांगितले जाईल.

मला व्यवहारातून बाहेर पडायचे आहे. पैसे सुरक्षितपणे कसे परत घ्यावेत?

विक्रेता आधी रद्दलेखावर (साठेखत रद्द करणाऱ्या दस्तावर) सही मागतो आणि ‘नवा गिऱ्हाईक आला की पैसे देतो’ असे म्हणतो. हे मान्य करू नये. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, खरेदीदाराने विनाकारण ताबा नाकारला नसेल तर, दिलेल्या रकमेपुरता त्याचा बोजा त्या मालमत्तेवर असतो, आणि तुमचे नोंदणीकृत साठेखत हाच विक्रेत्यावरचा खरा दाब असतो. रद्दलेख झाला की दोन्ही गेले. रक्कम खात्यात जमा झाल्याची खात्री झाल्यावर, किंवा निबंधक कार्यालयातच डिमांड ड्राफ्ट हातात घेऊन, मग सही करावी.

भरलेल्या मुद्रांक शुल्काचा परतावा, ताबा घेतलेला नसल्यास आणि रद्दलेख नोंदणीकृत असल्यास, काही अटींवर मागता येतो. अर्ज रद्दलेखाच्या नोंदणीपासून ६ महिन्यांत करायचा असतो, आणि अटी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधीच विचारून घ्याव्यात. नोंदणी फी परत मिळत नाही. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असल्यामुळे तुम्ही प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस कापून भरला असेल, तर तो विक्रेत्याच्या पॅनवर जमा झालेला असतो. परत घ्यायच्या रकमेत तो धरायला विसरू नये.

विक्रेता परदेशात आहे आणि कुलमुखत्याराकडून व्यवहार करतो आहे. उशिराचा याच्याशी संबंध असू शकतो का?

पुष्कळदा असतो. न्यू जर्सी किंवा दुबईत राहणाऱ्या मुलाने पुण्यातल्या काकांच्या नावे दिलेले कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित झालेले असले, तरी ते राज्यात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते. हे राहिलेले असेल तर निबंधक कार्यालयात अडचण येते. त्यात विक्री करण्याचा, पैसे स्वीकारण्याचा आणि नोंदणीसाठी हजर राहण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला आहे का, ते पाहावे. विक्रेता अनिवासी असल्यास १ टक्का टीडीएसचा नियम लागू होत नाही; कपात बरीच जास्त असते, आणि ती कमी करून घेण्यासाठी विक्रेत्याला आयकर विभागाकडून प्रमाणपत्र आणावे लागते. त्यात आठवडे जातात. कपात चुकली तर जबाबदारी खरेदीदारावर येते, म्हणून येथे सनदी लेखापालाची फी वाचवू नये.

साठेखतानंतर विक्रेत्याचा मृत्यू झाला. आता करार कोणाशी?

करार वारसांवर बंधनकारक राहतो. कुलमुखत्यारपत्र मात्र सामान्यतः मृत्यूबरोबर संपते, त्यामुळे त्याच्या आधारे केलेली पुढची कोणतीही सही स्वीकारू नये. वारस कोण हे कागदोपत्री ठरेपर्यंत उरलेली रक्कम एकट्या मुलाच्या किंवा पत्नीच्या खात्यात भरू नये.

विक्रेता म्हणतो, खरेदीखत करून पूर्ण पैसे द्या, मी दोन महिन्यांनी घर रिकामे करतो. मान्य करावे का?

शक्य असेल तर नाही. तो स्वतःच्या नव्या घरासाठी खोळंबला असेल आणि तुम्हाला मदत करायची असेल, तर दोन गोष्टी एकत्र कराव्यात. पहिली, किमतीचा एक भाग, तो घर सोडण्याची निकड वाटेल एवढा मोठा, ताब्याच्या दिवसापर्यंत राखून ठेवावा आणि तसे खरेदीखतात लिहावे. तुमच्या बँकेची यास संमती आहे का, हे आधी विचारावे. दुसरी, त्याला नुसत्या शब्दावर राहू देऊ नये. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार असा परवाना संपल्यावरही घर न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि परवाना शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. करार नसेल तर ताब्यासाठी पुन्हा दिवाणी न्यायालयच उरते.

ताबा घेण्याच्या दिवशी सर्व खोल्या उघडून पाहाव्यात, सगळ्या किल्ल्या मोजून घ्याव्यात, वीजमीटरवरच्या आकड्याचा फोटो काढावा, आणि तो आकडा, मालमत्ता कराची शेवटची पावती व संस्थेच्या बिलाची तारीख ताबा पावतीत लिहून त्यावर दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. राखून ठेवलेल्या रकमेचा धनादेश त्यानंतर द्यावा.